बाबा गाडीत बसत नाहीत

आमच्या घरात चारचाकी येण्याआधी वाहन म्हणावं असं एकच होतं, बाबांची सायकल. बाबा अंबरनाथच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात होते. एकतीस वर्षं ते त्या सायकलवरून कामावर गेले आणि एकतीस वर्षं गेटापाशी साहेबांची गाडी आली की सायकलवरून उतरून बाजूला उभे राहिले. त्यांना त्याचं काही वाटत नसे. मला वाटे. शाळेला सुट्टी असली की मी त्यांचा डबा पोचवायला जायचो आणि ते बघून माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. तेव्हाच ठरवलं होतं, मोठं झालं की गाडी घ्यायची आणि बाबांना शेजारी बसवून फिरवायचं. आयुष्याकडून माझी एवढीच मागणी होती, आणि ती फार मोठी आहे असं तेव्हा तरी वाटलं नव्हतं.

मोठा झालो. अंबरनाथच्याच एमआयडीसीत एका कंपनीत खरेदी अधिकारी झालो, बदलापूरला बेलवलीत फ्लॅट घेतला, आई गेल्यावर बाबांना तिथे आणलं. खरेदी अधिकारी म्हणजे पंप, व्हॉल्व्ह आणि बेअरिंगं दहा ठिकाणी चौकशी करून, ठोकून-वाजवून घेणारा माणूस. समोरच्याने मालाची स्तुती केली की ज्याला संशय येतो, तो खरेदी अधिकारी. हे मुद्दाम सांगतो आहे, कारण अशा माणसाने स्वतःसाठी गाडी कशी घेतली ते आता सांगायचं आहे.

उल्हासनगरला जुन्या गाड्या विकणारा एक व्यापारी होता. बायकोने बजावून पाठवलं होतं की लहान बघा, पांढरी बघा, साधी बघा. मी लहान बघायला गेलो आणि लांबलचक घेऊन आलो. वांगी रंगाची, आत मऊ सीटा, मध्ये कोपर टेकायला गादी. व्यापारी म्हणाला, “साईं, डॉक्टर की गाड़ी है. घर से दवाखाना, दवाखाने से घर.” एवढ्यावर मी विरघळलो. डॉक्टरची गाडी म्हणजे तिची तब्येत ठणठणीत असणार, असं काहीतरी माझ्या डोक्यात आलं असावं. पुढच्या दोन वर्षांत माझी खात्री पटली की ते डॉक्टर दवाखान्यात चालत जात असणार.

पहिल्याच रविवारी बहिणीच्या सासरी जेवायचं बोलावणं होतं, उल्हासनगरलाच, चार नंबरच्या कॅम्पात. बाबांनी इस्त्रीचा सफारी काढला. पुढच्या सीटवर बसले, पट्टा लावला आणि सबंध रस्ता समोर बघत राहिले. फक्त अंबरनाथला कारखान्याच्या भिंतीच्या कडेने गाडी निघाली तेव्हा ताठ झाले आणि खिडकीची काच पूर्ण खाली केली. कुणी ओळखीचं दिसतं का ते बघत होते. मी तिरक्या डोळ्याने त्यांच्याकडे बघत होतो आणि मनातल्या मनात पेढे वाटत होतो. ती काच पुन्हा कधीच वर आली नाही, पण ते नंतरचं.

जेवणं झाली, पान झालं. निघताना व्याही, विहीणबाई, व्याह्यांचे दोन भाऊ, भावजया, सगळे पोचवायला खाली रस्त्यावर आले. मुलीच्या सासरची माणसं ही. बाबांच्या हिशेबी त्यांच्यापुढे मुलीच्या बापाने दुसऱ्यांदा आमटीसुद्धा मागू नये. मी किल्ली फिरवली. गाडी खाकरली आणि गप्प बसली. पुन्हा फिरवली, पुन्हा खाकरली. चौथ्या वेळी खाकरायचीही थांबली. व्याही म्हणाले, त्यात काय, धक्का देऊ. बाबा तीरासारखे खाली उतरले आणि म्हणाले, तुम्ही हात लावायचा नाही, मी देतो. व्याही म्हणाले, तुम्ही पाहुणे, तुम्ही कसे द्याल. मग गाडीमागे जे चाललं ते मी आरशात पाहिलं. बाबा व्याह्यांचे हात डिकीवरून काढत होते आणि व्याही बाबांचे. दोघेही मानी. गाडी जिथल्या तिथे. शेवटी व्याह्यांच्या भावांनी दोघांनाही न विचारता जोर लावला, गाडी एकदम सुटली आणि व्याही टोपीसकट पुढे आले. त्यांना त्यांच्या भावाने धरलं. टोपीला कुणी धरलं नाही.

गाडी चालू झाली होती. थांबलो तर पुन्हा बंद पडेल या भीतीने मी थांबलोच नाही. आरशात शेवटचं दिसलं ते म्हणजे भर रस्त्यात बाबा व्याह्यांची टोपी आपल्या सफारीच्या बाहीने पुसत होते. मी त्या चौकाला दोन चकरा मारल्या, बाबा काही चालत्या गाडीत चढणारे नव्हते, त्यामुळे शेवटी तसाच घरी निघालो आणि अंबरनाथच्या सिग्नलला बंद पडलो. बाबा शेअर रिक्षा बदलत बदलत माझ्या आधी अर्धा तास घरी पोचले होते.

मी आल्यावर ते शांतपणे म्हणाले, “व्याह्यांनी माझ्या मुलाची गाडी ढकलली. आता ही गाडी घरात आहे तोवर मी हिच्या मागे उभा राहीन. आत बसणार नाही.”

मला वाटलं, रागाच्या भरात बोलले. पण तपासणी खात्यात आयुष्य काढलेल्या माणसाचं बोलणं म्हणजे रिपोर्ट असतो, त्यावर सही झाली की खोडाखोड नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसला निघालो, गाडी खाकरली, आणि मागे पाहतो तो बाबा बाह्या सरसावून उभे. तिसऱ्या दिवशीही. पुढची दोन वर्षं.

गाडीला काय झालं होतं ते शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही. मेकॅनिक पाच झाले. पहिला म्हणाला बॅटरी, दुसरा म्हणाला सेल्फ, तिसऱ्याने वायरिंग उपसून काढलं आणि तेव्हापासून डावीकडे वळलं की हॉर्न वाजायला लागला. चौथा अर्थिंग म्हणाला. पाचव्याने बॉनेट उघडून बराच वेळ आत पाहिलं, मग बॉनेट मिटलं आणि मला विचारलं की नारळ फोडला होता का. फोडला होता. लिंबंही चिरडली होती. धक्का मारला की मात्र ती बिनतक्रार चालू व्हायची आणि दिवसभर पळायची, फक्त तिला मध्ये बंद करायचं नाही. ऑफिसपाशी उतार होता, तिथे मी ती तोंड खाली करून लावायचो आणि संध्याकाळी नुसता ब्रेक सोडायचो. बेलवलीचा आमचा रस्ता पडला तव्यासारखा सपाट. तिथे माणसंच लागायची.

माणसं बाबांनी उभी केली. सोसायटीच्या बाकावर सकाळी बसणारी तीन म्हातारी मंडळी होती, त्यांना त्यांनी भरती करून घेतलं. एक जवळच्याच खरवई गावचे, खरवईचे काका. त्यांच्या जमिनींवर इमारती झाल्या, तेव्हा मुलगा आमच्या सोसायटीत राहायला आला आणि हेही त्याच्याबरोबर आले. देह असा की लिफ्टमध्ये ते आले की बाकीचे जिन्याने जात. दुसरे सिंधी अंकल, उल्हासनगरला दोन नंबरला कापडाचं दुकान होतं, ते मुलांवर सोडून बदलापूरला हवा चांगली म्हणून आलेले. तिसरे ड्रायव्हरकाका, एका कंपनीच्या कामगारांची बस चालवून निवृत्त झालेले. आणि बाबा त्यांचे मुख्य.

बाबांनी ढकलण्याचीही पद्धत बसवली. हात डिकीच्या पत्र्यावर, काचेवर नाही. आधी डावा पाय पुढे. खरवईचे काका मध्ये, कारण अर्धी गाडी त्यांच्याच जोरावर हलायची. सिंधी अंकल प्रत्यक्ष ढकलत कमी आणि रस्त्यावर उभं राहून रिक्षा जास्त थांबवत. ड्रायव्हरकाका ढकलता ढकलता मला सूचना देत, दुसऱ्यात टाक, क्लच सोडू नको, सोड आता, अरे सोड म्हणतो ना. आणि बाबा एक, दोन, तीन मोजत. सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी हे व्हायचं. समोरच्या इमारतीतल्या एक बाई आमच्या धक्क्यावर मुलाला शाळेच्या बससाठी खाली पाठवायच्या.

गाडी सुरू झाली की मी खिडकीतून हात बाहेर काढून हलवायचो आणि निघून जायचो. माझ्या बाजूची काच तरी खालीवर व्हायची, ते एक बरं होतं. मागे वळून बघायची सोय नव्हती, बघितलं आणि पाय हलला तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. दोन वर्षं मी त्या चौघांना तो हात दाखवून गेलो.

घरात मात्र माझा जीव जळायचा. कुठे लग्न, कुठे बारसं, कुठे डॉक्टर, बाबा शेअर रिक्षाने. मी आणि बायको गाडीत, बाबा मागून रिक्षात, आणि तिथे पोचल्यावर बघावं तर ते आधीच आत जाऊन सरबत पीत बसलेले. नातेवाईक विचारत, अरे, वडिलांना रिक्षाने पाठवतोस? सायकलवरून उतरून बाजूला उभे राहणारे बाबा आता माझ्याच गाडीच्या मागे उभे राहत होते. ज्यासाठी केला होता अट्टाहास ती गाडी दारात होती आणि बाबा रिक्षात.

मग एके दिवशी दाढी करताना माझ्या डोक्यात उजेड पडला. बाबा म्हणाले होते, ही गाडी घरात आहे तोवर. म्हणजे ही गेली की शपथ सुटली. मी अर्धी दाढी तशीच ठेवून बायकोला हे सांगायला गेलो. ती म्हणाली, हे मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं, मी म्हटलं तुम्हाला कधी कळतंय ते बघावं.

या वेळी गाडी तिने निवडली. अंबरनाथ पूर्वेला एक शिक्षक गाडी विकत होते, लहान, पांढरी, साधी. रंगरूप असं की भिजवलेल्या साबुदाण्यातला एक दाणा. मी टायर, सस्पेन्शन, मायलेज असं अधिकाऱ्यासारखं बोलायला लागलो तेव्हा बायकोने मला बाजूला केलं, आत बसली आणि किल्ली फिरवली. चालू झाली. बंद केली. पुन्हा चालू केली. असं तिने अकरा वेळा केलं. शिक्षकांच्या पत्नी चहा घेऊन आल्या, तेव्हा चहा पिऊन तिने आणखी चार वेळा केलं. शिक्षक घाबरून म्हणाले, ताई, काही शंका आहे का. ती म्हणाली, गाडीबद्दल नाही. आणि माझ्याकडे बघितलं.

वांगी गाडी उल्हासनगरचा एक भंगारवाला घेणार होता. तो टो करायला गाडी आणि जाड दोर घेऊन आला. पथक निरोप द्यायला हजर होतं. सिंधी अंकलनी हार आणला होता, तो डिकीवर ठेवला, कारण त्यांचा संबंध तिच्या त्या बाजूशी. भंगारवाला आत बसला आणि सहज म्हणून त्याने किल्ली फिरवली. गाडी चालू झाली. पहिल्या फटक्यात, खाकरली सुद्धा नाही. दोन वर्षं माझ्या नाकी नऊ आणलेल्या त्या बयेने परक्या माणसासाठी असं गोड बोलावं, याचा मला इतका संताप आला की मी तिच्या टायरला लाथ मारली आणि अंगठा दुखावून घेतला. भंगारवाला म्हणाला, अहो, ही तर चालू गाडी आहे, विकताय कशाला? सिंधी अंकलनी डिकीवरचा हार सरळ केला. ती डावीकडे हॉर्न वाजवत वळून दिसेनाशी झाली. खरवईच्या काकांनी नाक पुसलं.

दुसऱ्या दिवशी पांढरी गाडी पहिल्यांदा निघणार होती. बायकोने कुंकवाने स्वस्तिक काढलं, चाकांखाली लिंबं ठेवली. मी आठ वाजून दहा मिनिटांनी खाली उतरलो, बघतो तर चौघेही डिकीला हात लावून तयार. सवय. मी किल्ली फिरवली, गाडी चालू झाली, मी पहिला गिअर टाकला आणि ती त्यांच्या हातांखालून अलगद पुढे निघून गेली. खरवईचे काका तसेच पुढे झेपावले आणि मोठ्या मुश्किलीने सिंधी अंकलवर थांबले. बाबांनी ‘एक’ म्हटलं होतं. ‘दोन’ त्यांच्या तोंडातच राहिलं.

मी ऐटीत खाली उतरलो, पलीकडचं दार उघडलं आणि म्हणालो, “बाबा, बसा.” या दोन शब्दांसाठी मी शाळेपासून थांबलो होतो.

बाबांनी उघड्या दाराकडे पाहिलं. मागे उभ्या असलेल्या तिघांकडे पाहिलं. मग म्हणाले, आज गुडघा दुखतोय, तू जा.

मला वाटलं, खरंच दुखत असेल. दुसऱ्या दिवशी त्यांनी सांगितलं की कारखान्यात नवं मशीन आलं की तीन महिने ट्रायलवर असतं, त्याआधी त्यावर कुणी विसंबत नाही. तिसऱ्या दिवशी अमावास्या होती. चौथ्या दिवशी म्हणाले की या गाडीचं दार फार हलकं लागतं, मला तो आवाज पटला नाही. रविवारी बहिणीकडे जायचं होतं. मी आणि बायको नव्याकोऱ्यासारख्या गाडीतून गेलो, आणि व्याह्यांच्या घरात शिरलो तर बाबा रिक्षाने आधीच येऊन सरबत पीत बसले होते. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं.

माझा तोल गेला. घरी आल्यावर मी जे बोललो ते सगळं आता लिहीत नाही. ही गाडी कुणासाठी घेतली, मागची कुणासाठी घेतली होती, शपथ संपली ना, मग आता काय, असं बरंच. बाबा पेपर वाचत होते. पेपर खाली न करता म्हणाले, मी मागितली होती का? मी आतल्या खोलीत गेलो आणि दार आपटलं. तेवढं एक दार आमच्या घरात भारी आवाजाचं आहे.

त्या पंधरा दिवसांत आणखीही एक गोष्ट होत होती, तिच्याकडे माझं लक्ष नव्हतं. आठ दहाला गाडीमागे आता कुणी नसायचं. सिंधी अंकल मुलीकडे जातो म्हणून पुण्याला गेले आणि चार दिवसांत करमत नाही म्हणून परत आले. खरवईचे काका बाकावर नुसते बसून असायचे. एकदा मी त्यांना काय काका, कसं काय, असं विचारलं तर म्हणाले, “काय नाय. तुजी गारी बरी चालते ना? झाला.” त्यांच्या मुलाकडे मोठी जीप होती, तिच्यात ते का नाही बसत, असं मी सहज विचारलं. “चप्पल काढून बस बोलतंय,” ते म्हणाले. मी हसलो आणि निघालो. महिन्याची तपासणी झाली तेव्हा बाबांची साखर वाढलेली निघाली. डॉक्टर म्हणाले, आधी काय व्यायाम करत होता तो सोडला का? बाबा म्हणाले, व्यायामाचं साधन विकलं मुलाने.

त्या दिवशी रात्रीचं जेवण झाल्यावर मी बायकोसमोर कुरकुरत होतो. या माणसाला मी कसं बसवू गाडीत, आणखी काय करू. तिने भांडी पुसायची थांबवली.

“पहिल्या दिवशी दार उघडलंत तेव्हा कुणाला बस म्हणालात?”

“बाबांना.”

“आणि बाकीचे तिघे?”

मी म्हटलं, त्यांचा काय संबंध. मग तिने मला धुतलं. दोन वर्षं चार म्हाताऱ्यांनी तुमची गाडी ढकलली, त्यातला एकही तुमचा नोकर नव्हता. सगळ्यांचे शर्ट मळले, खरवईच्या काकांचा खांदा धरला, ते तुम्हाला ठाऊक तरी आहे का. तुम्ही एकदा थांबून कुणाला बरं वाटतंय का, चहा घेताय का, असं विचारलंत? नुसता हात दाखवून जायचात, तोही न बघता. आता ते तिघे फुटपाथवर आणि बाबा तुमच्या शेजारी गादीवर, असं होईल? एकतीस वर्षं साहेबांच्या गाड्यांना वाट देऊन बाजूला उभा राहिलेला माणूस आहे तो.

मी उसळलो. मी थांबलो असतो तर गाडी बंद पडली असती, हे तिला काय ठाऊक नव्हतं? दोन वर्षं माझा नाइलाज होता.

“आता पडते का?” ती म्हणाली आणि भांडी पुसायला लागली.

पांढरी गाडी येऊन पंधरा दिवस झाले होते आणि त्या पंधरा दिवसांतही मी बाकावरून जाताना हातच दाखवत होतो. लाज वाटली. खरं सांगायचं तर आधी राग आला, आणि त्याला जायला कुठे जागा मिळाली नाही तेव्हा लाज वाटली.

सकाळी आठ दहाला मी गाडी बाकासमोर आणून उभी केली. इंजिन चालू, गाडी जागेवर, बंद पडत नव्हती. चौघेही बसले होते. मी खाली उतरलो आणि माझ्या आयुष्यातलं सगळ्यात वाईट भाषण केलं. म्हणालो की तुम्ही सगळ्यांनी, म्हणजे दोन वर्षं, म्हणजे मी कधी थांबलो नाही, तर आज, म्हणजे तुम्हाला कुठे जायचं असेल तर. ड्रायव्हरकाका म्हणाले, आम्हाला कुठं जायचंय? तेवढ्यात सिंधी अंकल म्हणाले, “अरे, दो नंबर में दाल-पकवान मिळतो सकाळचा. गरम. साईं, किती वर्षं झाली.” खरवईचे काका उठले. ते उठले म्हणजे ठरलं.

मग बसण्याचा प्रश्न आला. मागच्या सीटवर खरवईचे काका शिरले आणि मागची सीट संपली. ते चप्पल काढायला लागले तेव्हा मी त्यांना राहू द्या म्हणालो. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि चप्पल पायातच ठेवली. उरलेल्या फटीत सिंधी अंकल स्वतःला आडवं करून घुसले. पुढे एक सीट आणि माझी सीट. बाबा आणि ड्रायव्हरकाका बाहेर, मी चालवायला. एकाने मागे राहायचं होतं. बाबा लगेच म्हणाले, “तुम्ही जा, मी थांबतो.”

मला ते बोलणं सहन झालं नाही. मी किल्ली ड्रायव्हरकाकांच्या हातात दिली. त्यांनी पन्नास माणसांची बस तीस वर्षं चालवली होती, माझ्यापेक्षा गाडी त्यांच्याच हातात बरी. ते माझ्या जागेवर बसले, आरसा स्वतःच्या उंचीला लावला आणि मला म्हणाले, तू क्लचची वाट लावली आहेस.

मी पुढचं दुसरं दार उघडलं. बाबांनी आत बसलेल्या तिघांना मोजल्यासारखं पाहिलं. मग चपलेचे तळ फुटपाथच्या कडेला घासून साफ केले आणि बसले. पट्टा लावला. खिडकीची काच खाली केली, वर केली, परत खाली केली. माझ्याकडे बघून म्हणाले, “तू काय उभा आहेस? ऑफिसला उशीर होईल. रिक्षाने जा.”

गाडी निघाली. मी हात हलवला. आतून कुणी हलवला नाही, कारण बाकीचे तिघेही एकाच वेळी ड्रायव्हरकाकांना रस्ता सांगत होते. मी रस्त्याच्या मध्ये उभा राहून गाडी दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिलो. मागची काच खरवईच्या काकांच्या डोक्याने भरली होती, पण डाव्या बाजूला खिडकीच्या काठावर बाबांचं कोपर बाहेर आलेलं मला स्पष्ट दिसलं.

रिक्षांना रांग होती. मी साहेबांना फोन करून सांगितलं की अर्धा तास उशीर होईल. साहेब वैतागून म्हणाले, पुन्हा गाडी बंद पडली का तुमची?

“नाही सर,” मी म्हणालो. “आज चालू झाली. वडील बसून गेले.”